दुष्काळात किंवा पुरात कुटार संपलं, तर जनावरांना कोणत्या झाडांचा पाला चालतो?

धुऱ्यावर सुबाभूळ असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. प्रथिनं भरपूर, आणि मुळं खोल असल्यानं एप्रिल-मेमध्येही ती हिरवी असते. पण नुसती सुबाभूळच घालू नका. तिच्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. पोटात फार गेलं तर केस गळतात, गलगंडही होतो. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ठीक, बाकी तुरीचं-सोयाबीनचं कुटार किंवा कडबा. घोड्याला तर ती देऊच नये.

शेवरी, हादगा, शेवगा, अंजन, बोर, उंबर, पिंपळ यांचा पालाही चालतो. बकऱ्यांना बाभळीच्या शेंगा म्हणजे मेजवानीच. नवा पाला एकदम भारा भरून टाकू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

पुराचं गणित वेगळं. वर्धा-वैनगंगेच्या काठी पाणी ओसरलं की गवतावर गाळ बसतो आणि भिजलेल्या कुटाराला बुरशी धरते. असं कुटार 'वाळवून चालेल' म्हणणारे पुष्कळ भेटतील, ऐकू नका. झाडाचा वरचा पाला तेवढा स्वच्छ राहतो, तोच छाटा.

रायमुनिया (म्हणजे घाणेरी) आणि कण्हेर मात्र विषारी. उपाशी ढोर त्यालाही तोंड लावतं. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारीही तशीच घातक, तिच्यात सायनाइड तयार होतं.

फांद्या छाटताना शेंडा राखा आणि एकच झाड पूर्ण बोडकं करू नका. जूनमध्ये पहिल्या पावसावर धुऱ्यानं शेवरीचं बी टाकलं, तर पुढच्या उन्हाळ्याची सोय होते.