काउंट वाढला, गोळी घेऊ का?

खानापूरपासून निपाणीपर्यंतचे वाचक लॅबचे रिपोर्ट पाठवून हेच विचारतात. काउंट म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या; न्यूट्रोफिल हा त्यातलाच, जंतू गिळून मारणारा प्रकार. काहींना इथे उत्तर देते.

प्रश्न : ताप नाही, काही दुखत नाही. पांढऱ्या पेशी १२,४००, न्यूट्रोफिल ७८ टक्के. मेडिकलवाल्याने अँटिबायोटिक दिलंय. घेऊ? (खानापूर)

उत्तर : नको. ताण, विडी, गरोदरपण यांनीही आकडा चढतो. काही दिवसांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : अंगठा रात्रीत सुजला. जंतू नाहीत म्हणतात, मग सूज कशाची? (चिकोडी)

उत्तर : गाऊट असू शकतो. सांध्यात यूरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक साचतात. न्यूट्रोफिल ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. जंतू मारायची रसायनं बाहेर सांडतात आणि आणखी पेशी धावून येतात. पहिल्यांदाच सुजला असेल तर सांध्यात संसर्ग नाही ना, हे आजच तपासून घ्या.

प्रश्न : बाजारातल्या पुडीने आईचे गुडघे दुखायचे थांबले. वर्षभर घेते. आता काउंट वाढलाय, पायाची जखम भरत नाही. (हुक्केरी)

उत्तर : पुडीवर घटक लिहिलेले नाहीत आणि गुण मात्र झटपट, म्हणजे स्टेरॉइडची दाट शंका. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, तिच्यातून बाहेर पडतात, तेव्हा कुठे जखमेवर पोहोचतात. स्टेरॉइडने हे चिकटणंच कमी होतं. भिंतीवरच्या पेशी सुटून प्रवाहात येतात, रिपोर्टात आकडा फुगतो, जखम मात्र उघडीच. वर रक्तातली साखर चढते ती वेगळीच. ‘झाडपाल्याचं आहे’ हे विकणाऱ्याचं बोलणं. त्यावर आईचा पाय पणाला लावू नका. स्टेरॉइड मीही देते, पण मात्रा मोजून, साखर आणि रक्तदाब बघून. एक मात्र नीट ऐका : पुडी स्वतःहून एकदम तोडू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड मंदावलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो. उद्याच पुडीसकट फिजिशियनकडे जा.

प्रश्न : वीस वर्षं विडी ओढतो, दम लागतो. प्रतिकारशक्तीचं सिरप चालेल? (निपाणी)

उत्तर : सिरपचे पैसे वाचवा, विडी सोडा. धुरामुळे फुफ्फुसात जमलेले न्यूट्रोफिल इलॅस्टेज नावाचं एन्झाइम सोडतात, त्याने फुफ्फुसाचे लवचीक धागे तुटतात. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी, करून घ्या.

प्रश्न : केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री वडिलांना १०१ ताप आला. गाव कणकुंबीकडे, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. चुकलं का? (खानापूर तालुका)

उत्तर : हो, चुकलं. केमोनंतर न्यूट्रोफिल ५०० च्या खाली जाऊ शकतात. तेव्हा पू दिसेलच असं नाही, कारण पू बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो. ताप हीच एक खूण उरते. पुन्हा १००.४ दिसला की हॉस्पिटलला फोन करून लगेच निघा, पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका. केमोची फाइल आजच पिशवीत भरून ठेवा.