लॉफ्ट भाड्याचा, सजावट हप्त्यांवर: सहा पगार घालावेत का?

तुमच्या पत्रातले आकडे आधी मांडतो. वय 31, एकटे राहता. उंच छताचा, आत पोटमाळा असलेला लॉफ्ट 2 वर्षांच्या करारावर भाड्याने घेतलाय. भाडं धरून महिन्याचा खर्च पगाराच्या 70 टक्के, गाठीशी 5 महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक. सजावटकाराने सगळं मिळून 6 पगारांचं अंदाजपत्रक दिलंय, 24 ‘बिनव्याजी’ हप्त्यांत. रोख दिले तर 8 टक्के सूट, हप्त्यांवर घेतलं तर 2 टक्के शुल्क आधी भरायचं. ‘घेऊ का?’ असं तुम्ही विचारलंय.

या स्वरूपात घेऊ नका. घर नीट लावावंसं वाटणं मात्र अजिबात चुकीचं नाही. दिवसभर राबून परत आल्यावर बसायला धड जागा हवी, त्यासाठी लग्न होईपर्यंत थांबायची गरज नाही.

आधी ‘बिनव्याजी’चं बघू. 100 च्या मालाला रोखीत 92 पडतात. हप्त्यांवर घेतलं तर सुरुवातीला 2 आणि मग 24 महिन्यांत 100 भरायचे. म्हणजे तुम्हाला खरी उधारी मिळते 90 ची. हिशेब केला तर व्याज वर्षाला 10 टक्क्यांच्या पुढे जातं.

त्याहून मला काळजी वाटते ती हप्त्याची. तो बसतो पगाराच्या 25 टक्के. खर्च 70 वरून 95 वर जाईल आणि महिन्याची बचत 30 वरून 5 वर येईल. राखीव पैशाला हात न लावताही तो 5 महिन्यांऐवजी पावणेचार महिनेसुद्धा पुरणार नाही. नोकरी गेली तरी हप्ता थांबत नाही.

आता अंदाजपत्रकाच्या आत शिरू. भिंतीवरचं लाकडी आवरण, खोटं छत, भिंतीत बसवलेली कपाटं आणि पोटमाळ्यावर जागेवर बांधलेला पलंग यांचाच वाटा 45 टक्के आहे, म्हणजे 2.7 पगार. यातलं काहीही जाताना सोबत नेता येणार नाही. 24 महिन्यांवर वाटलं तर भाड्याव्यतिरिक्त दर महिन्याला पगाराचे 11 टक्के तुम्ही मालकाच्या भिंतींवर घालणार. शिवाय उंच छत आवडलं म्हणून ही जागा घेतलीत, मग तेच खोट्या छताने झाकायचं कशाला?

पडद्यांची रक्कमही मोठी आहे. तुमची खिडकी 4 मीटर रुंद, 4.5 मीटर उंच. चुण्यांसाठी दुप्पट रुंदी धरली की 36 चौरस मीटर कापड लागतं, वर मोटार आणि उंचावर चढून बसवण्याची मजुरी. पुढच्या घरात हे पडदे बसण्याची शक्यता फार कमी. सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं ही तुमची अडचण खरी आहे, पण ती झोपण्याच्या जागेची आहे. पोटमाळ्याची कड 3 मीटर आहे, तिथे 2.1 मीटर उंचीचा जाड पडदा लावला तर साडेबारा चौरस मीटरच्या आसपास कापडात काम भागतं. वर वीतभर फट ठेवा आणि पंखा लावा, कारण गरम हवा वर जाऊन तिथेच साचते.

गादी आणि कामाची खुर्ची यात मात्र हात आखडू नका. रोजचे कितीतरी तास यांच्यावरच जातात आणि घर बदललं तरी दोन्ही सोबत येतात. गादी घेण्याआधी पोटमाळ्याचा जिना मापा. अरुंद वळणावर स्प्रिंगची मोठी गादी अडकते, गुंडाळून येणारी फोमची सहज चढते. सोफा सुट्या भागांचा घ्या. मोकळ्या जागेत आवाज घुमतो, त्यावर एक मोठा गालिचा चांगला उपाय आहे. सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर येतील एवढा घ्या. छताला दिवे टांगण्यापेक्षा उभे दिवे बरे. टेबल आणि मांडण्या जुन्या घेतल्या तरी चालतील, गादी नको.

बचतीच्या 30 टक्क्यांपैकी निम्मे घरासाठी वेगळे काढा. 10 महिन्यांत दीड पगार जमतो, पहिल्या वर्षी तीच मर्यादा ठेवा. पहिल्या दोन महिन्यांच्या पैशातून गादी आणि पोटमाळ्याचा पडदा, मग खुर्ची आणि दिवे, सोफा त्यानंतर. एक-दोन ऋतू राहिलात की ऊन कुठे येतं आणि आपण कुठे बसतो हे कळतं, आणि अंदाजपत्रकातल्या बऱ्याच वस्तू आपोआप गळतात. उरलेले 15 टक्के गुंतवणुकीत जात राहू द्या.

कपाटांवाचून अडत असेल तर मालकाशी बोला. जी वस्तू त्यांच्याच घरात राहणार, तिचा खर्च त्यांनी करावा किंवा भाड्यातून वळता करावा, आणि ते करारात लेखी यावं. करार 5 वर्षांचा करून मिळाला आणि मधल्या काळात जागा सोडायला सांगितल्यास भरपाईचं कलम घातलं, तर फक्त कपाटांपुरता माझा नकार मी मागे घेईन. तेही रोखीत, 8 टक्के सूट पदरात पाडून.