ऑक्सिजन, प्रतिकारशक्ती आणि बारावीनंतरची वाट

सप्रेम नमस्कार.

बारावीत शिकणारी तुमची लेक नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा सोडून, पेशींना ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा प्रतिकारशक्तीचे संदेश काय करतात यावर संशोधन करायचे म्हणते. हा विषय नेमका काय आणि धानाच्या शेतीवर चालणाऱ्या घराला तो झेपेल काय, असे तुम्ही गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातून विचारले आहे.

पेशी एचआयएफ नावाचे प्रथिन सतत तयार करतात. ऑक्सिजन पुरेसा असेल तोवर ते लगेच नष्ट होते. कमी पडला की टिकते आणि टंचाईत निभाव लागावा म्हणून आवश्यक जनुके सुरू करते. या उलगड्यासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. तुमच्या लेकीला खुणावणारा प्रश्न त्यापुढचा आहे. जंतुसंसर्ग झाला की एनएफ-कप्पा-बी हे प्रतिकारशक्तीतील प्रथिन एचआयएफचे उत्पादन वाढवते, त्यामुळे ऑक्सिजन पुरेसा असतानाही काही पांढऱ्या पेशी तो संपल्यासारख्या वागतात, साखर झपाट्याने वापरतात आणि दाह वाढवणारे रेणू सोडतात. सुजलेल्या जागी ऑक्सिजन बहुधा खरोखरच कमी असतो, म्हणून कोणत्या कारणाचा वाटा किती हे ठरवणे कठीण जाते. तुमच्याकडे सर्वांना ठाऊक असलेल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही रक्तवाहिन्या तुंबून टंचाई आणि दाह एकत्रच येतात. तेव्हा हा विषय परका मुळीच नाही.

तिने आयसर या केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा जरूर द्यावी. त्यात जीवशास्त्राबरोबर गणिताचेही प्रश्न असतात, आणि जीवशास्त्राची मुले नेमकी तिथेच अडतात. तिने गणित विषय सोडला असेल तर तो आजपासून हाती घ्यावा. प्रवेश न मिळाल्यास नागपूरला बी.एस्सी., एम.एस्सी. करून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेने पीएच.डी.कडे जाता येते. पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था त्यासाठी उत्तम.

पैशाचे स्पष्ट सांगतो. पदव्युत्तर शिक्षणापर्यंतची पाच वर्षे खर्चाचीच आहेत. त्यानंतर कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. कायम नोकरी मात्र तिशीच्या आसपास. औषध कंपन्यांतही वाव आहे: एचआयएफ टिकवून मूत्रपिंडाच्या रुग्णांचा रक्तक्षय कमी करणाऱ्या डेसिडुस्टॅट या भारतीय गोळीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पाच वर्षे कमाईविना काढणे घराला शक्य नसेल, तर तसे तिला आत्ताच सांगावे. नीट तिने यंदा द्यावीच, कारण डॉक्टर होऊनही संशोधन करता येते. पण नीटसाठी एक वर्ष थांबवण्याचा आग्रह धरू नये.

राखीव प्रवर्गात असाल तर केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला आयसरचा अर्ज भरण्याआधीच काढून ठेवा. राज्याचा दाखला तिथे चालेलच असे नाही.