पाचवीत नापास, आणि शाळा म्हणते दाखला घेऊन जा

प्रश्न: माझा मुलगा राजारामपुरीतल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत पाचवीला होता. शाळा मराठी माध्यमाची, राज्य अभ्यासक्रमाची. १ मे रोजी निकाल लागला. गणितात ५० पैकी ११, इंग्रजीत १६. बाकीचे विषय सुटले. मुख्याध्यापिका म्हणतात, "पुनर्परीक्षा वगैरे आमच्याकडे नसते. एक तर पुन्हा पाचवीत बसवायला आमची संमती आहे असं लिहून द्या, नाहीतर दाखला घ्या. दाखल्यावर पास असा शेरा मारून देऊ." शाळेतल्याच एका बाईंच्या घरी शिकवणी लावा, ३,५०० रुपये होतील, असंही सुचवलं. आम्ही उचगावला राहतो, मालक गोकुळ शिरगावला कंपनीत आहेत. दाखला घेऊन मोकळं व्हावं का? आज ५ जून आहे.

उत्तर:

ताई, दाखला मागू नका आणि त्या संमतीच्या कागदावर सही करू नका. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल, पण तोवर या दोन्ही गोष्टी तुमच्या हातून होऊ देऊ नका. आज शाळेची बाजू लंगडी आहे. तुमची सही मिळाली की ती भक्कम होते, म्हणून तर सहीसाठी एवढी घाई चालली आहे.

"आठवीपर्यंत कुणालाच नापास करता येत नाही" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. ते आता अर्धंच खरं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या मूळ कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायला सरसकट बंदी होती. २०१९ मध्ये ते कलम बदललं. महाराष्ट्राने त्याला धरून मे २०२३ मध्ये आपले नियम सुधारले आणि ७ डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेची व पुनर्परीक्षेची कार्यपद्धती ठरवून दिली. म्हणजे पाचवीत आणि आठवीत मूल मागे राहू शकतं. पहिली ते चौथी, सहावी आणि सातवीत आजही नाही. शिष्यवृत्ती परीक्षेतल्या किंवा वर्षभरातल्या चाचण्यांमधल्या गुणांचा वर्गोन्नतीशी संबंध नाही, तेव्हा कुणी ते कागद पुढे केले तर बाजूला ठेवा.

आता बदललेलं कलम १६ नीट पाहू, कारण तुमचं सगळं प्रकरण त्याच्या क्रमावर उभं आहे. पोटकलम (१): पाचवी आणि आठवीला वर्षअखेर परीक्षा. पोटकलम (२): त्यात मूल नापास झालं तर त्याला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकाल जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची. पोटकलम (३): त्या पुनर्परीक्षेतही मूल नापास झालं, तरच त्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा. पोटकलम (४): प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही.

पायऱ्या अशा एकावर एक आहेत. दुसरी चढल्याशिवाय तिसरीवर पाय ठेवता येत नाही. "आमच्याकडे पुनर्परीक्षा नसते" हे वाक्य मुख्याध्यापिकांनी आपल्या बाजूने म्हटलं, पण कायद्याने पाहिलं तर ते त्यांच्याच विरुद्ध जातं. पुनर्परीक्षा घेतलीच नाही, तर मुलाला पाचवीत ठेवायचा अधिकार शाळेकडे येतच नाही. म्हणून हेच वाक्य त्यांच्याकडून लेखी येईल असं पाहा.

तारखा मोजा. निकाल १ मेचा, म्हणजे दोन महिने जूनअखेर संपतात. हातात साधारण २५ दिवस आहेत, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात. शिकवून मग परीक्षा घ्यायची, तर अर्ज याच आठवड्यात शाळेत पोहोचला पाहिजे.

अर्जाआधी एक काम करा. उत्तरपत्रिका बघायला मागा. पाचवीला दर विषयाचे ५० गुण असतात, तोंडी-प्रात्यक्षिकाचे १० आणि लेखीचे ४०. पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ गुण लागतात. (आठवीला ६० पैकी २१.) तुमच्या मुलाला गणितात ७ कमी पडतात, इंग्रजीत २. दोन गुणांचा फरक बेरजेच्या चुकीतही निघतो. तोंडीचे १० गुण धरलेत का, त्या दिवशी मूल गैरहजर होतं म्हणून शून्य टाकलंय का, आतल्या पानावरचा एखादा प्रश्न तपासायचा राहिलाय का, हे पाहा. गुणपत्रकावर फक्त एकूण आकडा असेल तर तोंडी आणि लेखी वेगळे लिहून मागा. या कार्यपद्धतीत सवलतीच्या गुणांचीही तरतूद आहे. गणितातली ७ गुणांची तूट सवलतीत बसणारी नाही, तिथे पुनर्परीक्षाच द्यावी लागेल. पण पुनर्परीक्षेत गणित सुटलं आणि इंग्रजी पुन्हा दोन गुणांवर अडलं, तर सवलतीचे गुण का लावले नाहीत हे विचारायला विसरू नका. तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीला पाहायला मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच माहिती अधिकाराच्या एका प्रकरणात म्हटलं आहे.

आता अर्ज. वकिली भाषा नको, एका पानात बसू द्या. मजकूर साधारण असा:

"मा. मुख्याध्यापिका यांस, विषय: इयत्ता पाचवीच्या पुनर्परीक्षेबाबत. महोदया, माझा पाल्य (नाव, तुकडी, जनरल रजिस्टर क्रमांक) यास दि. १ मे रोजीच्या निकालात गणित व इंग्रजी या विषयांत अनुत्तीर्ण दाखवले आहे. शिक्षण हक्क अधिनियम २००९, कलम १६(२) अन्वये त्यास जादा मार्गदर्शन देऊन दि. ३० जूनपूर्वी पुनर्परीक्षा घ्यावी. मार्गदर्शनाचे व परीक्षेचे वेळापत्रक लेखी कळवावे. दोन्ही विषयांच्या उत्तरपत्रिका पाहण्यास द्याव्यात. पुनर्परीक्षेचा निकाल लागेपर्यंत त्यास इयत्ता सहावीच्या वर्गात बसू द्यावे. त्यास इयत्ता पाचवीत ठेवण्यास किंवा त्याचा दाखला काढण्यास आमची संमती नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. नंतर "पालक तोंडी हो म्हणाले होते" असं सांगितलं जातं, त्याला हेच उत्तर आहे.

दोन प्रती न्या. तुमच्या प्रतीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. नुसती शिपायाची सही पुरत नाही. पोच द्यायला नकार आला तर वाद न घालता बाहेर या, त्याच दिवशी स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा आणि पोचल्याची नोंद ऑनलाइन दिसली की तिची प्रिंट काढून पावतीला टाचा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो जोडीला असावा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

दाखल्याचं आमिष का वाईट ते सांगतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "प्रगती", "शाळा सोडण्याचे कारण" आणि "शेरा" असे रकाने असतात. कारणाच्या रकान्यात "पालकांच्या विनंतीवरून" असं पडलं की कलम १६(४) तुमच्या हातून गेलं, कारण शाळेने काढलं नाही, तुम्ही नेलं. दुसरं, गुणपत्रकात नापास आणि दाखल्यावर पास. हे जुळणार कसं? वर्गोन्नतीची नोंद शाळा यूडायस प्लसवरही (शाळा आणि विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) करते. नवीन शाळेने मुलाची ऑनलाइन नोंद ओढून घेतली आणि तिथे "पाचवीतच" असं दिसलं, तर तुम्ही दोन शाळांच्या मध्ये अडकाल. जुनी शाळा मग फोनही उचलणार नाही.

पुढे कधी शाळा बदलायची झालीच, तर ती पुनर्परीक्षेच्या निकालानंतर, तुमच्या सोयीने बदला. त्या वेळी दाखला तात्काळ देणं मुख्याध्यापकांवर कलम ५ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

३,५०० रुपये भरू नका. जादा मार्गदर्शन हे शाळेचं काम आहे, ते कलम १६(२) मध्ये आहे आणि शिक्षकांच्या कर्तव्यांत कलम २४ मध्येही आहे. शिक्षकाने खासगी शिकवणी घेण्यालाच कलम २८ ने मनाई आहे. शाळेने हे पैसे फी म्हणून मागितले तर फी नियमन कायद्याप्रमाणे मंजूर झालेल्या फीत तो आकडा आहे का, हे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला विचारा. तरीही एक सांगतो. त्या बाईंची तक्रार याच अर्जात घुसडू नका. मुख्य मुद्दा पुनर्परीक्षेचा आहे. त्यात शिकवणीचं भांडण मिसळलं की अधिकारी चौकशी शिकवणीची लावतात आणि जून निघून जातो. मुलाला वर्गात उभं करून "नापास" म्हणून हिणवलं असेल तर ती गोष्ट वेगळी. मानसिक त्रास देण्याला कलम १७ ने बंदी आहे, तो मुद्दा तारीखवार लिहा.

शाळेने आठ दिवसांत उत्तर दिलं नाही तर वर जा. कुठे, यात बहुतेक पालक चुकतात. तुम्ही राहता उचगावात, म्हणजे करवीर तालुक्यात, पण शाळा राजारामपुरीत, महापालिका हद्दीत. घर कुठे हे इथे बघत नाहीत, शाळा कुठे ते बघतात. त्यामुळे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खालची तक्रार कोल्हापूर महापालिकेकडे, प्राथमिक शिक्षण समितीच्या प्रशासनाधिकाऱ्यांच्या नावे करा. पाचवीचा वर्ग हायस्कूलला जोडलेला असेल तर "हे माध्यमिककडे येतं" असं सांगून तुम्हाला नागाळा पार्कात जिल्हा परिषदेकडे पाठवतील, आणि तिथून परत इकडे. ही फेरी टाळायला एकाच तक्रारीच्या प्रती शिक्षणाधिकारी (प्राथमिक), शिक्षणाधिकारी (माध्यमिक) आणि शिक्षण उपसंचालक, कोल्हापूर विभाग यांनाही द्या आणि प्रत्येकाची पोच घ्या. वर शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक लिहा. तो असला की शाळा कुणाच्या अखत्यारीत येते हे टेबलावर लगेच कळतं.

कलम ३२ प्रमाणे तक्रारीचा निकाल ऐकून घेऊन तीन महिन्यांत द्यायचा असतो. तुमची मुदत तर जूनअखेर संपते. म्हणून तक्रारीतच वेगळा परिच्छेद करून मागा: "निकाल होईपर्यंत पाल्यास सहावीत बसू द्यावे व पुनर्परीक्षा घेण्याचे निर्देश शाळेस तात्काळ द्यावेत." मागितलं नाही तर कुणी आपणहून देत नाही. व्यवहारात अधिकाऱ्याचं एक पत्र, कधीकधी नुसता फोनही, शाळेला पुरतो. निर्णय विरुद्ध गेला तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, पण त्याला ३० दिवस लागतात. शाळेने "पुनर्परीक्षा घेतली होती" असा खोटा दावा केला तरच तो करा.

कोर्टाचं म्हणाल तर, मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सुरू झालं आहे. रिट याचिकेसाठी आता मुंबईची गाडी पकडायला नको. तरी ती शेवटची पायरी ठेवा, अर्ज, पोच आणि तक्रार हातात नसताना गेलात तर पहिला प्रश्न "आधी कुणाकडे दाद मागितली?" हाच येईल. स्त्री म्हणून आणि मुलासाठी म्हणून, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे. कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करा. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र या प्रकरणात धरू नका.

एक अडचण आधीच तपासून घ्या. शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर गणित बदलतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अशा शाळा शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवल्या आहेत. मग हे कलम १६ थेट चालणार नाही. तसं निघालं तर पुढची कागदपत्रं करण्याआधी वकिलाला भेटा.

गणित आणि इंग्रजी दोन्हीकडे मूल अडतं आणि बाकी विषय बरे सुटतात, हे मला खटकलं. आकडे उलटे लिहितो का, फळ्यावरचं उतरवून घेताना अक्षरं गाळतो का, तोंडी उत्तर येतं पण कागदावर येत नाही असं होतं का? तसं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरली आहे. अशी मुलं लवकर ओळखणं शिक्षणसंस्थेचंच काम आहे (त्या दिव्यांग कायद्याचं कलम १६), आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती त्याच्याच कलम १७ मध्ये आहेत. प्रमाणपत्र जूनमध्ये हाती येणार नाही, पण तपासणीसाठी नाव नोंदवल्याचा कागद अर्जाला जोडता येतो.

पुनर्परीक्षेची तारीख मिळाली, अगदी जुलैतली मिळाली, तरी "मुदत टळली" म्हणून मुलाला घरी ठेवू नका. परीक्षेला बसवा, आणि त्याच दिवशी "तारखेबाबतचा हक्क राखून" असं एका ओळीचं पत्र द्या. सात गुण म्हणजे फार नव्हे. जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बसा आणि कुठे गेले ते पाहा. गुणाकार-भागाकार आणि अपूर्णांक एवढंच पक्कं झालं तरी पाचवीच्या गणितात १८ निघतात.

आणि शाळेने सगळं नियमाने केलं, खरंच शिकवलं, परीक्षा घेतली, तरी तो राहिला, तर त्याला पाचवीत ठेवणं कायद्याला धरून होईल. तिथे लढून हाती काही लागणार नाही. त्या वेळी फक्त दोन गोष्टी बघा: जागा त्याच शाळेत राहिली पाहिजे, आणि २५ टक्के राखीव जागेवरचा प्रवेश असेल तर तो मोफतच चालू राहिला पाहिजे.