शंका-समाधान : नाकाची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात करावी की खासगीत?

प्रश्न : माझ्या मुलीचा वरचा ओठ जन्मतः डाव्या बाजूला दुभंगलेला होता. लहानपणी शस्त्रक्रिया झाली. पण आता ती २१ वर्षांची असून तिचे नाक वाकडे आणि डावी नाकपुडी बसकी दिसते. पुण्यातील खासगी सर्जनांनी सांगितलेला खर्च आम्हाला झेपणारा नाही. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होते असे कळले, परंतु ‘सरकारीत जीव वाचवतात, रूप सुधारायचे तर खासगीतच जावे’ असे नातेवाईक बजावतात. त्यात तथ्य आहे का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : थोडे तथ्य आहे, पण ते आपल्या मुलीला लागू पडत नाही. केवळ हौसेखातर नाक कोरीव करून घेणे किंवा पोटावरची चरबी काढणे अशा शस्त्रक्रियांना सरकारी रुग्णालयांत प्राधान्य नसते, त्यामुळे त्यांचा सराव खासगीत अधिक होतो. दुभंगलेल्या ओठाचे तसे नाही. परळचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय, भायखळ्याचे जे. जे. किंवा नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील प्लास्टिक सर्जरी विभागांकडे असे रुग्ण लांबलांबून येतात, आणि नाव मिळवलेल्या कित्येक खासगी सर्जनांचा हात अशाच विभागांत बसलेला असतो.

दोन्हीकडचे निकाल शेजारी ठेवून पाहणाऱ्यांची एक गल्लत हमखास होते. सरकारी विभागात भाजल्यामुळे हनुवटी छातीला चिकटलेले, अपघातात जबड्याचा चुरा झालेले रुग्ण येतात. खासगीत येणाऱ्या बहुतेकांची त्वचा आणि हाडे मुळात धडधाकट असतात. अशा दोन रुग्णांची छायाचित्रे पाहून सर्जनांची तुलना करणे हा सरळसरळ अन्याय आहे. त्यातच आपल्याकडे रुग्णालयांना आपले निकाल जाहीर करण्याचे बंधन नसल्याने बहुतेकांचे मत ऐकीव गोष्टींवर बनते.

आपल्या मुलीच्या बाबतीत निकाल कशावर ठरेल, ते सांगतो. दुभंगलेल्या बाजूची कूर्चा, म्हणजे नाकाला आकार देणारे मऊ, लवचीक हाड, चपटी होऊन खाली सरकलेली असते, नाकाचा मधला पडदा वाकलेला असतो, आणि त्या बाजूच्या हिरडीच्या हाडात खाच राहिली असेल तर नाकपुडीला खालून आधारच नसतो. ही खाच साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळा येण्यापूर्वी, कमरेच्या हाडाचा अंश घालून भरतात. ती भरली होती का, हे जुन्या केसपेपरांवरून किंवा एक्स-रेवरून आधी पाहावे. आधार नसलेल्या नाकपुडीवर कितीही निष्णात सर्जनाने काम केले, तरी ती पुन्हा खचण्याचा धोका राहतो. आधारासाठी अनेकदा बरगडीची कूर्चा घ्यावी लागते, आणि ती पुढे किंचित वळू शकते. म्हणूनच फेरशस्त्रक्रियेची शक्यता दोन्हीकडे असते. चेहऱ्याची वाढ पूर्ण झालेली असल्याने वय मात्र योग्य आहे.

खरा फरक इतर बाबतींत जाणवेल. सरकारी रुग्णालयात मिळालेली तारीख अपघाताचे रुग्ण आल्यास पुढे जाते, ओपीडीत सविस्तर बोलायला वेळ मिळत नाही आणि वॉर्डात एकांत नसतो. शिकाऊ निवासी डॉक्टर शस्त्रक्रियेत सहभागी असतात. त्यात गैर काही नाही, परंतु मुख्य भाग कोण करणार आणि ते स्वतः टेबलाशी उभे राहणार का, हे आपण नि:संकोच विचारावे. खासगीत तोच सर्जन आरंभापासून अखेरपर्यंत भेटतो, ही मोठी सोय आहे. मात्र त्यांनाही एक प्रश्न विचारावा : अशी नाके, म्हणजे दुभंगलेल्या ओठामागची नाके, आपण किती केली आहेत? सौंदर्यासाठी केलेल्या शेकडो नाकांचा अनुभव येथे अर्धाच उपयोगी पडतो.

सोलापूरहून मुंबईच्या खेपा हाही खर्चच आहे. नाकाची सूज पूर्ण ओसरायला वर्षभर लागते, तोवर तपासणीसाठी जावे लागेल. ही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, याची चौकशी अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनीसाकडे) करावी. या योजनेत काही खासगी रुग्णालयेही आहेत. माझे मत विचाराल तर प्रथम महापालिकेच्या रुग्णालयातील विभागात दाखवून लेखी सल्ला घ्यावा, आणि तारीख फारच लांबची मिळाली तरच खासगीचा विचार करावा.

प्रश्न : सर्जनांनी इन्स्टाग्रामवर टाकलेल्या आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांवर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ती निवडून टाकलेली असतात, एवढे ध्यानात ठेवून पाहावीत. दोन्ही छायाचित्रांतील प्रकाश, अंतर आणि चेहऱ्याचा कोन सारखा आहे का, हे आधी तपासावे. नाकाच्या बाबतीत खालून, नाकपुड्या दिसतील असे काढलेले छायाचित्र मागावे, कारण वाकडेपणा तेथे लपत नाही आणि जाहिरातीत नेमके तेच क्वचित दिसते. शिवाय ते किमान वर्षभरानंतरचे असावे. सर्जनांची एम.सीएच. किंवा समकक्ष प्लास्टिक सर्जरीतील पदवी आणि वैद्यक परिषदेतील नोंदणी पाहण्याला मात्र छायाचित्रांचा पर्याय नाही.