पोप कोण होऊ शकतो, असं मुलांनी विचारलं तर

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांनी तुला कोंडीत पकडलं, हे वाचून खरं सांगू, मला बरंच वाटलं. प्रश्न विचारतात म्हणजे जागी आहेत. टीव्हीवर नवा पोप निवडल्याचा पांढरा धूर पाहिल्यापासून ‘आपले फादर पोप होऊ शकतात का?’ आणि ‘माझा मामा?’ हे दोन प्रश्न तुझी पाठ सोडत नाहीत म्हणतेस. तिसरा प्रश्न तू पत्राच्या तळाशी, घाईघाईत लिहिला आहेस. त्याकडे मीही शेवटीच येतो.

आधी मामाचं बघू. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेला, समजत्या वयाचा आणि बिशपपदाची दीक्षा घेऊ शकेल असा कॅथलिक पुरुष, एवढीच अट. पोपला निवडून देणारे वरिष्ठ धर्मगुरू म्हणजे कार्डिनल, पण नवा पोप त्यांच्यातलाच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. निवडलेला माणूस बिशप नसेल तर त्याला आधी तिथल्या तिथे दीक्षा द्यायची आणि मगच गॅलरीतून नाव जाहीर करायचं, असा नियम आहे. तेव्हा तुमचे फादर बसतात त्यात. मामा मात्र लग्न झालेला असेल तर गाडी अडेल, कारण आजच्या नियमाने बायको असलेला माणूस बिशप होत नाही. एखादा चुणचुणीत पोरगा म्हणेल, पहिला पोप मानतात त्या पेत्राची सासू तापाने पडली होती असं शुभवर्तमानात आहे, मग? त्याला शाबासकी दे. पहिल्या शतकांतले नियम वेगळे होते.

तर दार हे एवढं मोठं. पण त्या दारातून कार्डिनल नसलेला माणूस शेवटचा कधी आत गेला ठाऊक आहे? 1378 मध्ये. इटलीतल्या बारीचे आर्चबिशप निवडून आले आणि पोप सहावे अर्बन झाले. कामाला वाघ म्हणून नावाजलेला माणूस. पण खुर्चीवर बसताच निवडून देणाऱ्या कार्डिनलांवरच असे खेकसायला लागले, की काही महिन्यांत त्यांनी दुसराच पोप उभा केला आणि ख्रिस्तसभा जवळजवळ 40 वर्षं दुभंगली. त्यानंतर कार्डिनलांनी आपल्या घोळक्याबाहेर पाहिलेलं नाही. ताक फुंकून पिणं म्हणतात ते हेच असावं.

म्हणजे पात्र असणं सोपं, लायक असणं अवघड. आणि गंमत बघ. दुसऱ्या जॉन पॉल यांनी 1996 मध्ये निवडणुकीचे नियम घालून दिले. मतपत्रिकेची घडी कशी घालायची, अक्षर कुणाचं ते ओळखू येऊ नये, मोजून झालेल्या चिठ्ठ्या सुईदोऱ्यात कशा ओवायच्या, सगळं आहे. पण निवडायचा कसला माणूस? त्याबद्दल जेमतेम काही ओळी: मैत्री नको, राग नको, साऱ्या ख्रिस्तसभेचा कारभार चालवायला तुम्हाला जो सर्वांत योग्य वाटेल त्याला मत द्या, तो कार्डिनल नसला तरी. साध्या बिशपासाठी याहून मोठी यादी आहे. किमान 35 वर्षं वय, गुरुदीक्षेला 5 वर्षं झालेली, धर्मशास्त्राचा चांगला अभ्यास, लोकांत मान, शहाणपण, श्रद्धा. पोपसाठी यादीच नाही. मला वाटतं ते बरंच आहे. यादी केली की लोक यादीत बसणारा माणूस शोधतात, आणि त्या घडीला हवा असलेला माणूस राहून जातो.

मुलं म्हणतील, सोपं आहे, सगळ्यात पवित्र माणूस निवडायचा. तेव्हा त्यांना पेत्रो दा मोरोने यांची गोष्ट सांग. डोंगरात राहणारा म्हातारा तपस्वी. 1294 मध्ये कार्डिनलांचं दोन वर्षं कुणावर एकमत होत नव्हतं, शेवटी थकून त्यांनी ह्यालाच निवडलं. पाचवे सेलेस्टाईन. पवित्र होते, पुढे संतही झाले. पण दरबार, राजे, हिशेब, नेमणुका यातलं त्यांना काही उमजेना. नेपल्सचा राजा त्यांना हवं तसं वळवायचा. जुलैत निवडले गेले, डिसेंबरात राजीनामा दिला. अर्बनना कारभार कळत होता, माणसं कळत नव्हती. सेलेस्टाईन देवाशी बोलत होते, पण समोरच्याला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. माझ्या मते लायकी या दोघांच्या मधोमध कुठेतरी आहे. ऐकून घेता यायला हवं आणि ऐकल्यावर निर्णयही घेता यायला हवा. धर्मग्राम (पॅरिश) चालवतानासुद्धा हेच दोन्ही एकत्र जमत नाही, हे मी 40 वर्षं स्वतःवरून पाहतोय.

8 मे 2025 ला 133 कार्डिनलांनी ज्यांना निवडलं ते लिओ बघ. शिकागोत जन्म, उमेदीची वर्षं पेरूत मिशनरी, पुढे तिथल्या चिक्लायोचे बिशप. त्याआधी 12 वर्षं ऑगस्टिनियन या धर्मसंघाचे प्रमुख, आणि शेवटी रोममध्ये जगभरचे बिशप निवडण्याच्या कामावर. कार्डिनल होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. अमेरिकन माणूस पोप होणार नाही, असं जाणकार कितीतरी वर्षं सांगत आले होते. (जुन्या गोव्यात तो पडका उंच मनोरा आहे ना, सहलीत ज्याच्यासमोर तुम्ही फोटो काढलेत, तो त्याच ऑगस्टिनियनांच्या चर्चचा. मुलांना सांग, आवडेल त्यांना.)

आपल्या मुंबईचंही एक उदाहरण आहे. कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी 2013 मध्ये मत दिलं होतं. 24 डिसेंबर 2024 ला ते 80 वर्षांचे झाले आणि चारच महिन्यांनी पोप फ्रान्सिस गेले. 80 पूर्ण झालेल्याला मत देता येत नाही, म्हणून या खेपेला ते बाहेर. गोव्याचे कार्डिनल फेराव मात्र आत होते. आता वर्गात विचार: ज्यांना मत देता येत नव्हतं, त्यांना मत मिळू शकत होतं का? मिळू शकत होतं. वयाची अट मत देणाऱ्याला आहे, निवडून येणाऱ्याला नाही.

आणि दोन तृतीयांश मतं पडली तरी माणूस पोप झालेला नसतो. त्याला विचारतात, मान्य आहे का? ‘नाही’ म्हणायची मुभा आहे. फक्त ओझ्याला भिऊन नाही म्हणू नका, अशी विनंती नियमातच लिहून ठेवली आहे.

आता तिसरा प्रश्न. ‘मिस, मी होऊ शकते का?’

उत्तर नाही असं आहे, आणि ते नाही असंच सांग. पोप म्हणजे रोमचा बिशप, आणि गुरुदीक्षा फक्त पुरुषांना. ख्रिस्ताने बारा पुरुष निवडले, तेव्हा हे बदलायचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही, असं 1994 मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी लिहिलं. कारण सांग, पण पवित्र मरिया मातेचं नाव पुढे करून पोरीची समजूत काढू नकोस. ती रुसली तर रुसू दे.

पुढच्या रविवारी, विषय थंड झाल्यावर, सिएनाच्या कॅथरीनबद्दल बोल. ही रंगाऱ्याची मुलगी फ्रान्सच्या बाजूला जाऊन बसलेल्या पोपला रोमला परत चला म्हणून सांगायला थेट अविन्योंला गेली. आणि मघाच्या त्या तापट अर्बनना, त्यांचीच बाजू घेऊन, जरा रागाला आवर घाला, असंही तिने लिहिलं. 133 जणांपुढे ठेवायला ही बाई बिनतोड उमेदवार ठरली असती, पण तिचं नाव चिठ्ठीवर येण्यासारखं नव्हतं. ही दोन्ही वाक्यं मुलीसमोर ठेव आणि गप्प राहा. ती काय म्हणते ते मला कळव.

येताना सुकेळी आणलीस तर चालतील. डॉक्टरांना सांगू नकोस.

तुझा,
फादर