‘ट्विस्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

ऐरोलीच्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आला आहे. “काका, परवा आम्ही पाच मित्रांनी ठाण्याला जाऊन गँगस्टरचा एक नवा थ्रिलर पाहिला. एकदम स्टायलिश, आणि शेवटच्या अर्ध्या तासात तीन ट्विस्ट. मला त्यावर मराठीत अभिप्राय लिहायचा होता. ‘चित्रपटात अनेक वळणे आहेत’ असं लिहिलं, तर मित्र म्हणाला, हे माळशेज घाटाचं वर्णन वाटतंय. ट्विस्टला नेमका मराठी शब्द कोणता? आणि स्टायलिशला?”

चित्रपटाचं नाव तू लिहिलं नाहीस ते बरं केलंस. तुझ्या वर्णनावरून मी तो ओळखला आणि रविवारी रात्रीच्या खेळाला जाऊन पाहूनही आलो. नाव घेत नाही, म्हणजे रहस्यही फुटायचं नाही आणि उदाहरणं मोकळेपणी देता येतील.

तुझ्या मित्राचा कान चांगला आहे. घाटातलं वळण आधी दिसतं. तिथे पाटी असते, गाडी चालवणारा वेग कमी करतो, हॉर्न देतो. ट्विस्ट मात्र आधी दिसला की संपलाच. शिवाय मराठीत वळण म्हणजे बहुतेकदा सवय. मुलांना वळण लावतात, अक्षराला वळण असतं, आणि ‘वळणाचं पाणी वळणावर जातं’ असं आपण म्हणतो ते जे अपेक्षित होतं तेच घडलं की. म्हणजे ज्या शब्दाने तू धक्का सांगायला निघालास, त्या शब्दाची म्हण नेमकं उलटं सांगते.

समीक्षकांचा शब्द आहे ‘कलाटणी’, आणि तो चांगला आहे. पण तो कसा वापरतात ते बघ. कलाटणी मिळते ती कथानकाला, आयुष्याला, सामन्याला. पात्राने कलाटणी मारली असं कोणी म्हणत नाही. लांब उभं राहून सगळी गोष्ट एका नजरेत पाहणाऱ्याचा हा शब्द आहे. आणि कलाटणीनंतर पुढचं सगळंच बदलायला हवं, म्हणून ‘तीन कलाटण्या’ कानाला खटकतं. तुझ्या चित्रपटात खरी कलाटणी एकच आहे, मध्यंतराच्या अलीकडची. ‘धक्कातंत्र’ हा आणखी एक शब्द दिसतो, पण ते दिग्दर्शकाच्या कारागिरीचं नाव झालं. पडद्यावर जे घडलं त्याचं नव्हे.

आता मला मनापासून सांगायचं आहे ते. खेळ सुटल्यावर मी सरकत्या जिन्याखाली थोडा वेळ मुद्दाम उभा राहिलो. मराठी बोलणारी माणसं काय म्हणतात ते ऐकायचं होतं. “ट्विस्ट भारी होते” हे दोन-तीनदा कानावर पडलं, नाही असं नाही. पण नेमकं काय झालं हे एकमेकांना सांगताना तो शब्द गळून पडत होता. “अरे, तो ड्रायव्हरच मेन निघाला!” “बायको सामील निघाली ना यार.” “मला पहिल्यापासून वाटत होतं, तो इन्स्पेक्टर त्यांच्यातलाच निघणार.”

निघाला, निघाली, निघणार. आपला ट्विस्ट या क्रियापदात आहे.

‘निघणे’ म्हणजे आतून बाहेर येणे. घरातून निघणे तेच. कलिंगड कापलं आणि पांढरं निघालं, पायरीचा आंबा आतून नासका निघाला, भाडेकरू सज्जन निघाला. कलिंगड कापल्यामुळे पांढरं होत नाही. ते पांढरंच होतं, आपल्याला बाहेरून कळलं नाही. चांगल्या रहस्यकथेचं सगळं मर्म या एका क्रियापदाने सांभाळलं आहे: जे बाहेर आलं ते आत असलं पाहिजे. ड्रायव्हर पहिल्या प्रसंगापासून आरशात मागे बघतो, मालकाचा फोन दुसऱ्यांदा वाजायच्या आत गाडी आणतो, त्याचं घर आपल्याला एकदाही दाखवत नाहीत. म्हणून तो मेन ‘निघाला’ हे पटतं.

‘निघणे’ची जोडी ‘काढणे’शी आहे. जे आपणहून बाहेर येतं ते निघतं, कोणी बाहेर आणलं की ते काढलेलं असतं. तुझ्या चित्रपटातला तिसरा ट्विस्ट, मेलेल्या भावाचा, हा निघालेला नाही. तो काढलेला आहे. त्या भावाची एक खूणही आधीच्या दोन तासांत कुठे नाही. जिन्याखाली एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, “हा कुठून काढला आता?” अख्ख्या परीक्षणात यापेक्षा नेमकं काही लिहिता येणार नाही. मला या चित्रपटावर मत द्यायचं असेल, तर दोन निघाले आणि एक काढला, असंच मी देईन.

‘निघाला’च्या वाक्याची ठेवणही बघ. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘तो ज्याला आपण दोन तास पोलिसांचा खबऱ्या समजत होतो तो’ इथपर्यंत ऐकणारा अधांतरी राहतो आणि शेवटच्या शब्दांवर सगळं उलगडतं. त्यात एक ‘च’ घातला, ‘ड्रायव्हरच’, की धक्का दुप्पट. हे सगळं आपण लहानपणापासून करत आलो आहोत. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या गोष्टी वाचून वाढलेल्या वाचकांना ट्विस्ट हा शब्द लागला नाही, तो यामुळेच असं मला वाटतं. ‘शेवटी कोण निघाला?’ एवढंच ते विचारत.

बाकीच्या धक्क्यांना मराठीत वेगवेगळी नावं आहेत, आणि ती वापरली की कोणी काय केलं हे आपोआप कळतं. माणसाने ऐन वेळी बाजू बदलली तर त्याने पलटी मारली. (घोडबंदर रस्त्यावर कंटेनर पलटी होतो, मारत नाही. मारायला हेतू लागतो.) टोळीतला माणूस समोरच्या टोळीला आतून मिळाला तर तो फितूर झाला. हा शब्द इतिहासात अडकलेला नाही, न्यायालयात साक्ष फिरवणाऱ्याला आजही बातम्यांत ‘फितूर साक्षीदार’च म्हणतात. रचलेली योजना रचणाऱ्यावरच शेकली तर डाव उलटला. चांगुलपणाचा मुलामा उडाला तर पितळ उघडं पडलं. आणि जो आहे म्हणून सांगत होता तो तो नव्हताच, तर तो तोतया. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, त्यांच्या नावाने पुढे तोतया उभा राहिला आणि पेशवाईत केवढा गोंधळ उडाला हे आपल्याला माहीत आहे. एवढा इतिहास पाठीशी असलेला शब्द गँगस्टरच्या चित्रपटाला शोभून दिसेल.

शेवटी म्होरक्याला सोडून सगळे पळतात, त्या प्रसंगाला ट्विस्टही म्हणू नकोस. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे होणारच होतं.

नवा शब्द घडवावा का, असंही तुझ्या मनात येईल. सावरकरांनी ‘दिग्दर्शक’, ‘मध्यंतर’ असे शब्द दिले आणि ते आपण रोज वापरतो, कारण त्या जागा खरंच रिकाम्या होत्या. ही जागा रिकामी नाही. गप्पांत ट्विस्ट म्हणायलाही माझी काही हरकत नाही. फक्त एकाच शब्दात फितूर, तोतया आणि उलटलेला डाव कोंबले, तर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

‘स्टायलिश’चं थोडक्यात. माणसाला रुबाबदार म्हण: तो पांढऱ्या सुटातला म्होरक्या रुबाबदारच आहे. तो झोकात चालतो, ऐटीत बसतो. पण चित्रपटाला रुबाबदार म्हणता येत नाही, रुबाब माणसाचा असतो. चित्रपटाला ‘शैलीदार’ म्हणावं. शैलीदार फलंदाज आपण म्हणतोच, आणि त्यातही ‘कसं केलं’ यालाच दाद असते. नुसतं छायाचित्रण आवडलं असेल तर ‘देखणा’ पुरे.

तुझा अभिप्राय मी असा लिहिला असता: “टोळीयुद्धावरचा शैलीदार थरारपट. मध्यंतराआधी कथानकाला मिळणारी कलाटणी जबरदस्त. ज्याच्यावर विश्वास ठेवावा तो फितूर निघतो आणि ज्याच्याकडे लक्षही जात नाही तोच सूत्रधार निघतो, हे दोन्ही पटतं. मेलेला भाऊ मात्र ओढूनताणून काढला आहे.” भावाबद्दल तुझं मत वेगळं असेल तर शेवटचं वाक्य बदल.